स्वस्तातलं काडतूस

"ढीगभर आहेत!" असं लॅम्बर्ट वेट्टरने फोनवर ठणकावून सांगितलं, तेव्हा घरात एकही काडतूस नव्हतं.

फोनच्या पलीकडे त्याची मुलगी कोरिन होती, फीनिक्सहून. तिथल्या हॉस्पिटलात ती कामाला. तिने विचारलं होतं एवढंच, की आजोबांची जुनी हॉर्नेट बंदूक अजून आहे का, आणि असलीच तर तिची काडतुसं आहेत का. यंदा मे महिन्यात चार दिवस रजा काढून यावं, पूर्वीसारखे गोफर मारायला जावं, असं तिच्या मनात येत होतं. नक्की नाही. बघते, म्हणाली. पण मनात येतंय.

आता जी मुलगी पाच वर्षांत नाताळलासुद्धा फिरकली नाही, तिच्या मनात आपणहून काहीतरी येतंय म्हटल्यावर बापाने काय "नाहीत गं" म्हणायचं? लॅम्बर्टचा सगळा जन्म काउंटीच्या कर कार्यालयात लोकांच्या घरांच्या किमती ठरवण्यात गेलेला. खोटं बोलणारा माणूस त्याला फाटकापासून ओळखू यायचा. पण स्वतः बोलला ते इतकं सफाईने, की फोन ठेवल्यावर त्यालाच वाटलं, असतील बुवा कुठेतरी.

"कुठायत ढीगभर?" आर्डेलाने स्वयंपाकघरातून विचारलं. आर्डेला ही त्याची बायको. आमच्या नॉयबर्ग गावच्या बँकेत खिडकीवर तीस वर्षं काढलेली. हिशोबाला तिला कागद-पेन्सिल लागत नाही. ओठ जरा हलतात आणि उत्तर बाहेर पडतं. सगळं गाव तिच्या ओठांना टरकून असतं.

"आणीन ना," लॅम्बर्ट म्हणाला. "काडतुसंच ती. सोनं नाही."

इथे तो पहिल्यांदा चुकला.

हॉर्नेटचं काडतूस म्हणजे करंगळीएवढी पितळी पुंगळी, वर जाता जाता बाटलीसारखी निमुळती झालेली, आणि तोंडात इवलीशी गोळी. बंदूक फारसा दणका देत नाही, म्हणून लॅम्बर्टच्या बापाने ती नातीच्या हातात दिली होती. पुढे दर मे महिन्यात बापलेक अल्विन बिटनरच्या लसूणघासाच्या शेतात सकाळपासून पालथे पडायचे. गोफर म्हणजे खारीचा जाडजूड, आळशी चुलतभाऊ. घास फस्त करतो आणि शेतभर बिळं करून ठेवतो, गुरांचे पाय मोडतात. त्यामुळे मारणाऱ्याला शेतकरी वर कॉफी पाजतो. पण खरं सांगायचं तर गोफर हे निमित्त. दोन बारांच्या मधे तासन्‌तास गवतात पडून कोरिन जे काही बोलायची, ते ती घरात कधीच बोलायची नाही. शाळेत कोण छळतं ते तिने तिथे सांगितलं. गाव सोडून जायचंय हेही तिथेच सांगितलं. बापाने तेव्हा डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीवरून काढला नव्हता, म्हणाला, "डावीकडचा मोठा आहे बघ."

हे वाक्य त्याला अजून छळतं.

असो. लॅम्बर्ट बिस्मार्क शहरात गेला. दुकानात काडतुसांची भिंतच्या भिंत, पण हॉर्नेट विचारल्यावर विक्रेता पोरगा असा हसला, की जणू त्याने घोड्याची नाल मागितली. कारखाने म्हणे ही काडतुसं मधूनच कधीतरी काढतात, मग वर्षभर नाव घेत नाहीत. शेवटी मागच्या कपाटातून धूळ बसलेला एक डबा निघाला. एका काडतुसाला पावणेदोन डॉलर.

"पावणेदोन? एका गोफराला?"

"गोफर लागला तर, सर," पोरगा म्हणाला. "चुकला तरी पावणेदोनच."

लॅम्बर्टने बाणेदारपणे डबा परत केला. तो बाणेदारपणा बिस्मार्क ते नॉयबर्ग दीड तास टिकला. गावात शिरताना वाटायला लागलं, घ्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी फोन केला तर डबा विकला गेला होता.

गावातल्या कॅफेत सकाळी सात वाजता जे मंडळ बसतं, त्याच्यासमोर त्याने हे दुःख मांडलं, हे दुसरं चुकलं. कणकेच्या तुकड्यांचं नेफ्ला सूप कसं करावं यावर ज्या मंडळात आजवर एकमत झालं नाही, ते मंडळ यावर मात्र एका सुरात बोललं: घरी भर.

"अरे लेका, रिकाम्या पुंगळ्या असतील ना तुझ्या म्हाताऱ्याच्या?" अल्विन म्हणाला. अल्विन तीस वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरतो आणि त्याबद्दल कोणी न विचारता बोलतो. "पितळ हीच महाग वस्तू. ती असली की काय लागतंय? बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, चिमूटभर दारू, वर गोळी. चाळीस सेंटात काडतूस! दुकानदाराच्या नाकावर टिच्चून."

म्हाताऱ्याच्या पुंगळ्या होत्या. तळघरात कॉफीचा मोठा डबा भरून होत्या. म्हातारा काहीही टाकत नसे. लॅम्बर्टने डबा हलवला तेव्हा जो खुळखुळाट झाला, तो ऐकून त्याचा ऊर भरून आला. चाळीस सेंट! कोरिनला ढीगभर सांगितलं ते देवाने खरं करायचं ठरवलं होतं.

अल्विन जे सांगायला विसरला ते म्हणजे, पुंगळी भरण्याआधी पुन्हा मापात दाबून घ्यावी लागते, त्यासाठी पोलादी साचा लागतो, साचा धरायला प्रेस लागतो, प्रेस धरायला हलणार नाही असं टेबल लागतं, दारू तोलायला काटा, लांबी मोजायला मापक, आणि हे सगळं कशासाठी ते कळायला एक जाड पुस्तक. विसरला असंही नाही. "ते काय, एकदाच घ्यायचं असतं," असं तो प्रत्येक वस्तूच्या वेळी म्हणाला.

घरात न हलणारं टेबल एकच होतं: कोरिनच्या खोलीतलं अभ्यासाचं. ओक लाकडाचं, तिच्या आजोबांनी केलेलं. लॅम्बर्टने त्याला चार भोकं पाडून प्रेस आवळला. आर्डेला दारात उभी राहून बघत होती. तिचे ओठ हलले. लॅम्बर्टला तेव्हाच घाम फुटला.

पहिली पुंगळी साच्यात गेली ती गेलीच. आधी तिला तेलाचा हात लावायचा असतो. लॅम्बर्टने लावला होता, पण काटकसरीने. दांडा खाली येईना. अल्विनला फोन केला, तो म्हणाला, "जोर लाव." जोर लावल्यावर पुंगळीचं बूड तुटून हातात आलं आणि धड साच्यातच राहिलं.

"मग अडकलेली काढायचं एक हत्यार मिळतं," अल्विन म्हणाला. "ते काय, एकदाच घ्यायचं असतं."

हत्यार आलं, पुंगळी निघाली. या खेपेला लॅम्बर्टने तेल सढळ हाताने चोपडलं. तर जास्तीच्या तेलाने पुंगळ्यांच्या खांद्याला खळगे पडले. म्हणजे कमी लावलं तरी मरण आणि जास्त लावलं तरी मरण. संसारात जे चालतं ते इथे चालत नाही, इथे नेमकं लागतं, हे ज्ञान त्याला अडुसष्टाव्या वर्षी झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती गोष्ट माणसांत सांगण्यासारखी राहिली असती. पण पुढे ओव्हनचं प्रकरण झालं.

तेलकट पुंगळ्या धुवाव्यात, असं त्याने पुस्तकात वाचलं. धुतल्या. वाळवायला कुठे ठेवायच्या? बाहेर मार्चातला बर्फ. ओव्हन सकाळच्या कूखनमुळे, म्हणजे आमच्याकडच्या जर्मन केकमुळे, अजून कोमट होता. त्याने सगळ्या पुंगळ्या, बापाचा अख्खा डबा, पत्र्याच्या ताटात पसरून खालच्या कप्प्यात ठेवल्या आणि तो अल्विनकडे काटा आणायला गेला. इकडे आर्डेला चर्चच्या कूखन विक्रीचं काम उरकून आली. ओव्हनच्या वरच्या कप्प्यात मनुका जळून चिकटल्या होत्या, खाली तिने वाकून बघितलंच नाही. तिने आपोआप साफ व्हायचं बटण दाबलं आणि विणायला बसली.

ज्यांच्या घरी असा ओव्हन नाही त्यांनी समजून घ्यावं, की हे बटण दाबलं की दार स्वतःचं स्वतः कुलूपबंद होतं, आत भट्टी पेटते, आणि काम संपून गार होईपर्यंत ते दार नवरा-बायको-पाद्री कोणासाठीही उघडत नाही. लॅम्बर्ट परत आला तेव्हा काचेतून ताट दिसत होतं.

"आर्डेला! बंद कर!"

"केलं बंद. पण दार उघडत नाही."

"अगं बापाच्या पुंगळ्या आहेत आत!"

"ओव्हनमध्ये? कूखनच्या ओव्हनमध्ये?" आर्डेलाचा आवाज चढला. "माणूस आहेस का कोण आहेस तू! आणि मला विचारायचं होतंस!"

दोघं ओव्हनसमोर दोन खुर्च्या मांडून बसली, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तशी. अल्विन बघायला आला, त्याच्यामागून कॅफेचं निम्मं मंडळ आलं. आर्डेलाला सगळ्यांना कॉफी द्यावी लागली. दार उघडलं तेव्हा पुंगळ्या निळसर पडल्या होत्या. अल्विनने एक उचलली, दोन बोटांत दाबली. ती पुठ्ठ्यासारखी चेपली.

"मऊ झालं पितळ," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात उपदेश नव्हता. "यात बार भरलास तर फुटेल तुझ्या तोंडावर. टाकून दे, गड्या."

लॅम्बर्टने टाकल्या नाहीत. परत कॉफीच्या डब्यात भरल्या आणि डबा होता तिथे ठेवला. त्यातल्या कितीतरी पुंगळ्या छोट्या कोरिनने गवतात रांगून वेचलेल्या होत्या. आजोबा तिला पुंगळीमागे एक गोळी द्यायचे, लेमनची. रात्री आर्डेलाने न मागता त्याच्या ताटात कूखनचा मोठा तुकडा ठेवला.

नव्या पुंगळ्या, टोप्या आणि दारू मागवली. टोप्या आणि दारू स्फोटक, म्हणून पार्सलवर वेगळा आकार. तो मालाच्या निम्मा. पार्सलवाला दारात उभा राहून म्हणाला, "सही लागेल. आणि एकवीस वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा."

लॅम्बर्टने टोपी काढून त्याला आपलं टक्कल दाखवलं.

"नियम आहे, सर. फोटोवालं ओळखपत्र."

लॅम्बर्टने गाडीचं लायसन्स दिलं. पार्सलवाल्याने ते उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. "ही मुदत फेब्रुवारीत संपली."

"मुदत संपली म्हणून मी एकवीसच्या खाली आलो का? अरे बाबा, माझी मुलगीच एक्केचाळीस वर्षांची आहे!"

"मग चालेल की. बोलवा तिला, ती सही करेल. घरी आहे का?"

लॅम्बर्टने लायसन्स खिशात घातलं. "नाही," तो म्हणाला. "ती घरी नसते."

पार्सलवाला माणूस वाईट नव्हता. "पंधरा दिवस ठेवतो गोदामात. तिथे मात्र ज्याच्या नावाचं पार्सल त्याचीच सही लागेल," म्हणाला आणि गेला. आर्डेला नेमकी केस कापायला गेलेली.

लायसन्सवाली बाई आमच्या बाजूला आठवड्यातून एकदा येते, काउंटीच्या इमारतीत, जिथे लॅम्बर्टने चौतीस वर्षं खुर्ची झिजवली. तिथे त्याला रांगेत उभं राहावं लागलं. मुदत संपलेली, म्हणून गाडी आर्डेलाने चालवली. ती ताशी तीस मैलांच्या वर जात नाही आणि प्रत्येक मैलाला एक प्रश्न विचारते. लायसन्सवाल्या बाईने सांगितलं, "समोरच्या तक्त्यावरची चौथी ओळ वाचा."

"वाचतो की," लॅम्बर्ट म्हणाला. "तक्ता लावलाय कुठे?"

रांगेतले लोक हसले. त्यातल्या निदान चौघांच्या घरांची किंमत लॅम्बर्टने एके काळी जास्त लावली होती, तेव्हा ते मनापासून हसले. पुढे चष्मेवाला, दोन प्रकारच्या काचा, त्याची फ्रेम. आर्डेलाने पैसे भरताना जाहीर केलं, "हेही काडतुसातच धरणार मी."

"चष्मा काडतुसात कसा धरतेस?"

"काडतूस नसतं तर तू आंधळाच सुखात होतास."

लॅम्बर्ट पावती खिशात घालून गाडीकडे निघाला.

मग नवं लायसन्स, मग सही, मग माल. चष्मा लावून लॅम्बर्ट टेबलाशी बसला आणि त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, की हॉर्नेटच्या पुंगळीचं तोंड कागदासारखं पातळ असतं आणि गोळी जरा तिरकी बसवली की मान चुरगळते. आधी हे त्याला दिसलंच नसतं. दुसरी, की टेबलाच्या कडेला कंपासच्या टोकाने कोणीतरी बारीक अक्षरांत "कोरिन वेट्टरचं टेबल, हात लावू नये" असं कोरलं होतं, आणि प्रेससाठी पाडलेलं एक भोक बरोबर "वेट्टर"मधून गेलं होतं. त्याने त्या भोकात बोट घालून पाहिलं.

पहिल्या आठवड्यात त्याने जितक्या माना चुरगळल्या त्याचा हिशोब आर्डेलाने ठेवला, तो मी सांगत नाही. पण हळूहळू हात बसला. अल्विन येऊन तपासून जायचा. "दारू नेमकी घाल हं, लेका. दुप्पट पडली तर गोफर वाचेल, तू नाही." एप्रिलच्या शेवटी लाकडी खोक्यात पन्नास चकचकीत काडतुसं उभी राहिली. लॅम्बर्ट येता-जाता खोकं उघडून बघायचा.

आता फक्त कोरिन यायची राहिली होती.

तिचा फोन आला. हॉस्पिटलात माणसं कमी आहेत, रजेचं कठीण दिसतंय. बघते. लॅम्बर्ट म्हणाला, "बघ बघ, तुझ्या सोयीने. इथे काय, काडतुसं पडूनच आहेत." एवढं सगळं होऊनही हा माणूस "ये गं" म्हणाला नाही. आमच्याकडचे पुरुष असेच. घर जळत असलं तरी "जरा ऊब आहे" म्हणतील. फोन ठेवून तो तिच्या खोलीत गेला, आणि भरलेली काडतुसं फडक्याने पुसत बसला. आर्डेलाने दारातून पाहिलं. तीही "ये" म्हणाली नव्हती. तिने आयुष्यात कोणाला आग्रह केलाच तर तो दुसऱ्यांदा कूखन घेण्याचा.

आणि कोरिन आली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, कोणाची तरी पाळी बदलून, तीन दिवसांसाठी. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. तिने आपल्या खोलीत पाऊल टाकलं, टेबल पाहिलं, प्रेस पाहिला.

"डॅड! हात लावू नये असं लिहिलेलं होतं!"

"तेव्हा चष्मा नव्हता," लॅम्बर्ट म्हणाला.

दोन दिवस बापलेक अल्विनच्या लसूणघासात पालथे पडले. वारा होता, पाठीला ऊन होतं. एकच काडतूस फुसकं निघालं, बाकी सगळी गोडीगुलाबीने वाजली. कोरिनचा नेम बिघडला होता. गोफर वाट बघून कंटाळायचे. पण तिसऱ्या-चौथ्या बारानंतर ती बोलायला लागली. तिचं लग्न मोडलं तेव्हाचं बोलली, त्यानंतर घरी यायची लाज कशी वाटत होती ते बोलली. लॅम्बर्टने या खेपेला डोळा दुर्बिणीवरून काढला. डावीकडे खरोखर एक मोठा गोफर उभा होता, पण लॅम्बर्टने त्याचं नाव काढलं नाही.

"तुला राग नाही आला, डॅड?"

"आला होता," तो म्हणाला. "तू आली नाहीस त्याचा. बाकी कशाचा नाही." आणि त्याला नाक शिंकरायला रुमाल मिळेना.

निघायच्या सकाळी आर्डेलाने कूखन डब्यात बांधून दिलं, खुर्ची ओढली आणि मुलीसमोर बसली. बँकेच्या खिडकीत बसायची तशी, पाठ ताठ.

"कोरिन, एक हिशोब आहे, नीट ऐक. तुझ्या बापाने या काडतुसांपायी अकराशे चाळीस डॉलर घातलेत. चष्मा धरून."

"चष्मा धरू नको म्हणून मी—"

"लॅम्बर्ट, गप. दुकानात एक काडतूस पावणेदोनला. घरचं चाळीस सेंटला. एकामागे एक डॉलर पस्तीस सुटतात. तुम्ही दोघांनी मिळून पन्नास उडवलीत. म्हणजे वर्षाला साडेसदुसष्ट. घातलेले पैसे वसूल व्हायला सतरा वर्षं लागतात. दर मे महिन्यात पन्नास, आणि दोघांनी मिळून. एकही मे चुकवून चालायचं नाही. या घरात कधी तोटा सोडून दिलेला नाही आणि मीही देणार नाही."

कोरिन हसायला लागली. "मॉम, अगं सतरा वर्षांनी डॅड पंच्याऐंशीचा होईल!"

"आणि मी त्र्याऐंशीची," आर्डेला म्हणाली. "मग?"

तो "मग" अर्ध्यावरच फाटला. आर्डेला वेट्टरचा आवाज हिशोब सांगताना फाटलेला नॉयबर्गमध्ये कोणी ऐकला नव्हता. ती झटकन उठून नळ सोडून कप विसळायला लागली, तो धुतलेलाच होता. कोरिनचं हसू थांबलं. तिने उठून आईला मागून मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली.

"येईन," ती म्हणाली. "वसूल करू सगळे."

तिची गाडी धान्याच्या कोठारांपाशी वळली, धूळ खाली बसली, तरी दोघं पायरीवर उभीच होती. लॅम्बर्टने नवा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रस्ता रिकामाच दिसला, फक्त जास्त स्पष्ट.

"काल अल्विन तुला कसल्या यंत्राचं सांगत होता?" आर्डेलाने विचारलं.

"ते होय? पुंगळ्यांच्या माना आपोआप कापणारं. विजेवर चालतं." लॅम्बर्टने हात झटकला. "सहाशे डॉलर! वेड लागलंय का मला?"

आर्डेला रस्त्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले.

"सहाशे म्हणजे आणखी नऊ वर्षं," ती म्हणाली. "घेऊन टाक."